गिझर बदलण्याआधी बादली मोजा

दिवाळी उलटून पहाटेचा गारठा सुरू झाला की कोल्हापुरातील इलेक्ट्रिकच्या दुकानांत एक तक्रार हमखास येऊ लागते, 'गरम पाणी पुरत नाही.' घरातील पहिल्याची आंघोळ व्यवस्थित होते, दुसऱ्याच्या वाट्याला कोमट येते आणि तिसरा न्हाणीघरातूनच ओरडतो. दुकानदार विचारतो, 'गिझर किती लिटरचा?' गिऱ्हाईक सांगते, 'पंधराचा.' 'मग पंचवीसचा न्या.' पाच मिनिटांत सौदा होतो, जुना गिझर भंगारात जातो, फिटरला बसविण्याची मजुरी मिळते आणि सगळे खूश होतात. पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन परत येते, तेव्हा मात्र कोणीच खूश नसते.

या पाच मिनिटांच्या सौद्याविषयी आम्हांस आज लिहावयाचे आहे. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांची रोजी वायरिंग, नळकाम, वेल्डिंग आणि दुरुस्तीवर चालते. कितीतरी जणांचे हार्डवेअरचे वा इलेक्ट्रिकचे दुकान आहे. म्हणजे या सौद्याच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे उभी आहेत. आणि गिऱ्हाईक म्हणून तर आपण सारेच आहोत.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता (कोल्हापूरच्या पेठांत आणि आसपासच्या गावांत तो अजूनही पुष्कळ घरी आहे) त्यांना गरम पाणी का संपते हे कोणी शिकवावे लागत नसे. बंबाच्या मधोमध धुराची उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळीवर बंबफोड, शेणी नाहीतर नारळाच्या करवंट्या. जेवढे काढले तेवढे थंड पाणी वरून ओतायचे. किती बादल्यांनी बंब गार पडतो हे घरातल्या बाईला तोंडपाठ असे. पाणी वेळेआधीच गार पडू लागले की ती प्रथम जाळीखालची राख ओढी, नळीतली काजळी झाडी, लाकूड ओले आहे का ते पाही. एवढे करून भागले नाही तरच तांबटाकडे निरोप जाई. तांबटही आधी बंब आडवा करून आत डोकावे, मग हातोडीला हात घाली. नवा बंब घ्या असे त्याने पहिल्याच दिवशी सांगितल्याचे आम्हांस आठवत नाही.

गिझर मात्र भिंतीवर उंच टांगलेला बंद डबा. आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि जिथे दिसत नाही तिथे अंदाज चालतो. अंदाजाचे पैसे नेहमी गिऱ्हाईक भरते.

आम्ही स्वतः ते भरले आहेत. २०२२ च्या हिवाळ्यात आमच्या घरी हीच तक्रार होती. पहाटे आमच्या आईची आंघोळ कढत पाण्याने होई. त्यानंतर चिरंजीव आंघोळ करीत. त्यांच्यामागून जो जाईल त्याच्या बादलीत कोमट पाणी पडे. सरळ हिशेब असा दिसत होता की दोन माणसांत पाणी संपते, तेव्हा गिझर लहान आहे. आम्ही दुकानात गेलो, पंचवीस लिटरचा आणला, फिटरकडून बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे आई कढत, चिरंजीव कढत आणि आम्ही कोमट! फिटरला पुन्हा बोलावले. त्याने थर्मोस्टॅट बदलला. तरीही आम्ही कोमटच.

शेवटी मोहल्ल्यातील एका वयस्क मिस्त्रीचाचांना विनंती केली. त्यांनी पान्हे-पक्कड काढलेच नाही. आधी विचारले, 'भाई, पाणी गार होतं की पहिल्यापासून कोमट येतं?' आम्ही गोंधळलो. हा फरक आमच्या कधी लक्षातच आला नव्हता. नीट आठवून पाहिले तर आमच्या वेळी पाणी संपत नव्हतेच, पहिल्या धारेपासून ते कोमट येत होते. मग चाचांनी गिझरला येणाऱ्या थंड पाण्याचा कॉक पूर्ण बंद केला आणि बादलीवरची गरम पाण्याची चावी उघडली. गिझरमध्ये थंड पाणी शिरत नसेल तर गरम बाहेर यायला नको, क्षणभर येऊन धार थांबायला हवी. धार थांबली नाही. चांगली अर्धी बादली भरली. हे पाणी येते कुठून?

ते येत होते चिरंजीवांच्या हँड शॉवरकडून. मुलगा आंघोळ झाली की हातातल्या शॉवरचे बटण बंद करी आणि भिंतीवरच्या मिक्सरच्या गरम व थंड अशा दोन्ही चाव्या उघड्याच ठेवी. तोंड बंद आणि मागच्या दोन्ही वाटा उघड्या, म्हणजे थंड पाण्याला मिक्सरमधून थेट गरम पाण्याच्या नळीत शिरायला रस्ता मोकळा. पुढचा माणूस बादली भरायला बसला की गिझरचे कढत आणि मिक्सरमधले थंड एकत्र होऊन येई. रात्री न्हाणीघर धुताना घरातील मंडळी त्या चाव्या बंद करीत, म्हणून पहाटे आईला त्रास नसे. सारा उपाय एवढाच, की आंघोळ झाली की मिक्सरच्या दोन्ही चाव्या बंद करायच्या. जुना पंधरा लिटरचा गिझर तोवर भंगारवाल्याकडे पोचला होता.

चाचा पैसे घेईनात. 'काहीच केलं नाही, कशाचे घेऊ?' आम्ही आग्रहाने दिले. त्यावर ते जे बोलले ते आमच्या मनात राहून गेले. त्यांच्या मते गिऱ्हाईक सामानाचे पैसे देते, घाम दिसला तर मजुरीही देते, पण नुसते बघितल्याचे पैसे द्यायला त्याचा हात खिशाकडे जात नाही. मग पोरे काय करणार? काहीतरी बदलतात. बदललेली वस्तू दाखवता येते आणि तिचे बिलही करता येते.

आमचा मुद्दा नेमका हाच आहे. 'गरम पाणी पुरत नाही' हा रोग नव्हे, ते लक्षण आहे, आणि ते पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी उद्भवते. कोणते कारण आहे हे शोधणे हेच कारागिराचे खरे काम. परंतु त्या कामाला आपल्या बाजारात भाव नाही.

कारण शोधण्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. एक मापाची बादली, एक साधा थर्मामीटर, वीज मोजायचा मीटर आणि तीन-चार प्रश्न पुरतात. पहिला प्रश्न, हे कधीपासून होते? गिझर बसविल्या दिवसापासून पाणी कमी पडत असेल तर एकतर माप लहान आहे किंवा जोडणीच चुकली आहे. पूर्वी पुरत होते आणि महिन्या-महिन्याने कमी होत गेले असेल तर आत क्षार साचले असण्याची शक्यता जास्त. काल पुरत होते आणि आज अचानक पुरेना, तर थर्मोस्टॅट, कॉइल, कटआऊट पाहावे किंवा मधल्या काळात न्हाणीघरात कोणता नवा नळ बसविला ते विचारावे. एवढे विचारले तरी निम्मे काम होते.

मापाचा हिशेब प्रत्येक दुकानदाराला तोंडी करता यायला हवा असे आम्हांस वाटते. हिवाळ्यात टाकीतले पाणी साधारण २० अंश धरा. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे सव्वा युनिट वीज लागते आणि २ किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी सुमारे ३५ मिनिटे लागतात. ६० अंशांच्या या पाण्यात तेवढेच थंड मिसळले की आंघोळीजोगे ४० अंशांचे ५० लिटर पाणी होते. म्हणजे १५ लिटरच्या तीन बादल्या, फार तर थोडे वर. प्रत्यक्षात गिझरमध्ये मागून थंड पाणी शिरत असल्याने शेवटचे काही लिटर कोमटच निघतात. तेव्हा तीन बादल्या मिळत असतील तर गिझर निर्दोष आहे. त्या घरात शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहणारी माणसे असतील तर दोष त्या दहा मिनिटांचा. साधा शॉवरदेखील मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी ओततो.

आता तोच २५ लिटरचा गिझर, पण थर्मोस्टॅट बिघडून ४५ अंशांवरच वीज तोडत असेल तर? थंड पाणी फारसे मिसळता येत नाही, आणि ४० अंशांचे पाणी जेमतेम ३० लिटर भरते. तीनाच्या दोन बादल्या झाल्या. गिऱ्हाईक म्हणणार, गिझर लहान पडतो. थर्मामीटर पहिल्या धारेखाली धरला असता तर एका मिनिटात कळले असते.

विजेच्या दाबाचेही असेच. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट येत असतील तर २ किलोवॅटची कॉइल जवळपास सव्वा किलोवॅटचेच काम करते, कारण दाब थोडा घटला तरी उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ३५ मिनिटांचे काम तासावर जाते. शेतातल्या घरात वा गावाच्या टोकाला राहणाऱ्यांनी हे आधी तपासावे. तिथे मोठा गिझर बसविला तर पाणी तापायला आणखी वेळ लागेल, दुसरे काही होणार नाही.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर घेणाऱ्यांची तर निराळीच फसगत होते. या गिझरमध्ये साठा जवळपास नाहीच, येणारे पाणी जाता जाता तापते. ३ किलोवॅटची कॉइल २० अंशांच्या पाण्याला ४० वर नेऊ शकते ती मिनिटाला दोन लिटरच्या आसपास. म्हणजे १५ लिटरची बादली भरायला सात मिनिटे. चावी पूर्ण सोडली की पाणी गार येणारच. तो गिझर स्वयंपाकघराच्या सिंकसाठी उत्तम. आंघोळीसाठी विकताना दुकानदाराने 'चावी बारीक ठेवा' एवढे तरी सांगावे.

जोडणीची चूक आम्ही आमच्या पाहण्यात इतक्या वेळा आढळलेली पाहिली आहे की तिच्याबद्दल थोडे अधिक लिहितो. भिंतीवरच्या उभ्या गिझरला खालून दोन नळ्या असतात, निळ्या खुणेची थंड पाण्याची आणि लाल खुणेची गरम पाण्याची. थंड पाणी तळाशी शिरते. गरम पाण्याची नळी मात्र आत थेट वरपर्यंत गेलेली असते, कारण गरम पाणी हलके असल्याने वर चढून बसते आणि ते वरूनच उचलायचे असते. घाईत या दोन नळ्या उलट जोडल्या गेल्या तर थंड पाणी वरून गरमावर पडते आणि नळाला तळाचे पाणी येते. सारा साठा ढवळून निघतो आणि पहिल्या बादलीनंतरच पाणी कोमट. गिझर नवा, कॉइल नवी, थर्मोस्टॅट नवा, तरी तक्रार कायम! शिवाय पाणी बंद झाले की असा गिझर नळावाटे रिकामा होऊ शकतो, आणि कोरड्यात बटण दाबले गेले तर कॉइल जळते. आतली उंच नळी सडून मध्येच भोक पडले तरी लक्षण असेच दिसते, फक्त ते जुन्या गिझरमध्ये आढळते.

क्षारांचा त्रास आपल्या शहरात घराघरांत सारखा नाही. नदीचे पाणी त्या मानाने बरे. २०२३ साली काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन शहरापर्यंत आली, तरी बोअर काही बंद झालेले नाहीत, आणि उपनगरांतील बऱ्याच इमारतींत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडते. बोअरचे पाणी सहसा जड असते. तापले की त्यातील क्षार कॉइलवर पांढरे थर धरतात. कॉइल आत तापून लाल होते, बाहेर पाण्याला उष्णता पोचत नाही. शेजारचा थर्मोस्टॅट त्या थराची उष्णता ओळखून 'पाणी तापले' असे समजतो आणि वीज तोडतो. तळाशी साचलेला भुगा पाण्याची जागा खातो तो वेगळाच. अशा वेळी गिझर उतरवून आत पाहावे. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात कॉइल भिजवली तर थर सुटतो. काही पोरे संडास धुण्याचे ॲसिड वापरतात, त्याने थर जातो पण धातूही खाल्ला जातो. काचेसारखा लेप दिलेल्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी सडण्याऐवजी स्वतः झिजणे हेच तिचे काम. ती संपली की बदलावी लागते. गिझर घेऊन पाच वर्षे झालेल्या किती घरांत ती कोणी पाहिली असेल? ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांनी तापमान ६० च्या खाली ठेवले तर थर कमी बसतो आणि बिलही आवरते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात जे गिझर पाण्याखाली गेले त्यांपैकी काही सुकवून पुन्हा चालू केले गेले. आतील वायरिंग कोरडे झाले तरी टाकीभोवतीचे लोकरीसारखे आवरण भिजून चप्प बसले असेल तर ते उष्णता धरत नाही. रात्री तापवून ठेवलेले पाणी पहाटेपर्यंत निवते. अशा घरचा जुना गिझर उघडताना हे ध्यानात असू द्यावे.

गच्चीवरील सोलरचा कारभार निराळा आहे. तिथे दोष यंत्रापेक्षा वापराच्या वेळेत अधिक असतो. रात्री भांड्यांना आणि कपड्यांना गरम पाणी वापरले की तेवढेच थंड पाणी टाकीत शिरते, आणि रात्री ते तापवायला सूर्य येत नाही. पहाटे सोलर 'चालत नाही' अशी तक्रार होते. थंड पाण्याच्या नळीवर एकमार्गी व्हॉल्व्ह नसेल तर गरम पाणी उलटे थंड टाकीकडे पळते. थंड टाकीला हात लावून पाहिले तरी कळते. शेजाऱ्याने मजला चढविला आणि दुपारी दोननंतर नळ्यांवर सावली पडू लागली, हे तर कोणी यंत्र उघडून शोधू शकणार नाही, त्यासाठी गच्चीवर जाऊन मान वर करावी लागते. आमच्याकडे सोलर दक्षिणेकडे तोंड करून बसवितात, कारण हिवाळ्यात सूर्य तिकडे कललेला असतो. जागा सोयीची म्हणून पश्चिमेकडे बसविलेले सोलर जूनपर्यंत कसेबसे निभावतात आणि डिसेंबरात उघडे पडतात.

मशिदींच्या विश्वस्तांनीही याकडे लक्ष द्यावे. एका मशिदीत फज्रच्या वेळी मागून येणाऱ्यांना वुजूसाठी गार पाणी मिळे. ५० लिटरचा गिझर होता, १०० लिटरच्या गिझरचे दरपत्रक आले होते आणि चंद्याची घोषणा होण्याच्या बेतात होती. एका तरुण फिटरने मध्येच हिशेब मांडला. ५० लिटर कढत पाण्याचे वुजूजोगे सुमारे १३० लिटर होते. नळ मोठा सोडून वुजू करणारा चार-पाच लिटर सहज घालवतो, म्हणजे तीस माणसांत साठा संपणार. नमाजी चाळीस. गिझरपासून शेवटच्या नळापर्यंत अर्ध्या इंची नळी वीस मीटर होती. तिच्यात साडेतीन लिटर गार पाणी अडकलेले. पहिला येणारा ते पाणी 'गरम येईपर्यंत' वाहू देई. त्या तरुणाने नळांच्या मागचे कॉक निम्मे आवळले, नळीला आवरण गुंडाळले आणि गिझर अजानच्या तासभर आधी सुरू होईल असे घड्याळ बसविले. नवा गिझर घ्यावा लागला नाही. हुजूर (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीएवढ्या पाण्यात वुजू करीत असे हदीसमध्ये आले आहे. आपण नळ अर्धा ठेवला तरी पुष्कळ झाले.

त्या तरुणाला विश्वस्तांनी काय दिले, असे आम्ही विचारले. चहा.

इथे थोडे थांबून एक इशारा द्यावासा वाटतो, कारण तक्रार दूर करण्याच्या भरात काही मंडळी जिवाशी खेळतात. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की सुमारे ४०० मिलिलिटर जास्तीचे होते. मागे एकमार्गी व्हॉल्व्ह असेल तर ते जास्तीचे पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकणारच. गिऱ्हाइकाला ती गळती वाटते आणि 'बंद करून टाका' असे ते सांगते. प्लग मारून तो व्हॉल्व्ह बंद करणारा फिटर न्हाणीघरात बॉम्ब टांगून जातो, यापेक्षा सौम्य शब्द आमच्यापाशी नाही. तसेच थर्मोस्टॅट वगळून वायर थेट जोडू नये. अर्थिंग नसलेल्या पॉइंटवर गिझर चालू करून देऊ नये. झाकण उघडण्यापूर्वी नुसते बटण नव्हे तर मेन बंद करून टेस्टरने खात्री करावी. आणि 'विजेचा पुरत नाही तर गॅसचा घ्या' असे सांगताना न्हाणीघराला हवा यायला-जायला वाट आहे का ते पाहावे. गिझर हे नाव ज्या यंत्राला प्रथम मिळाले ते लंडनच्या बेंजामिन मॉघन यांनी १८६८ साली काढले होते. तेही गॅसवर चालणारे आणि धुराडे नसलेले होते, म्हणून धोक्याचे ठरले. दीडशे वर्षांनंतरही बंद न्हाणीघरातील गॅस गिझरच्या विषारी वायूने माणसे दगावतात. त्या वायूला वास नसतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दुकानदार बांधव म्हणतील, 'आम्ही गिऱ्हाइकाला बादली मोजायला घरी पाठवले तर ते शेजारच्या दुकानात जाईल, नाहीतर मोबाइलवरून मागवील.' या म्हणण्यात तथ्य आहे, आम्ही ते नाकारत नाही. परंतु मोबाइलवर गिझर तुमच्यापेक्षा स्वस्तच मिळणार. तिथे मिळत नाही तो तुमचा सल्ला. तोच देण्याचे तुम्ही सोडले तर गिऱ्हाइकाने तुमच्या दुकानाची पायरी कशासाठी चढावी? शिवाय नव्या गिझरची खपली की फिटरला कमिशन, ही जी पद्धत पडली आहे तिने फिटरची नजर दोषावरून उडून दुकानावर जाते. तपासणाऱ्याची कमाई विक्रीवर अवलंबून असेल तर तपासणीचा निकाल ठरलेला असतो. गिऱ्हाइकाला हे आज ना उद्या कळते, आणि मग 'ही माणसे फसवतात' हा शिक्का एका माणसावर न बसता साऱ्या मोहल्ल्यावर बसतो. तो शिक्का पुसायला किती वर्षे लागतात हे व्यापारात मुरलेल्यांना सांगायला नको.

फिटर बांधवांना आमचे सांगणे असे की तपासणीची मजुरी वेगळी लावा आणि ती आधी सांगा. काम निघाले तर ती बिलातून वळती करून घ्या, न निघाले तर ती तुमची. बिल लिहून द्या. त्यावर पाण्याचे तापमान, विजेचा दाब आणि किती बादल्या भरल्या हे तीन आकडे टाका. सुरुवातीला दोन घरे नाही म्हणतील. तिसरे देईल. ज्या पोरांना हे मोजमाप जमत नाही त्यांनी कमीपणा मानू नये. कळंब्याच्या शासकीय आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्यालाही मीटर वाचायला शिकायला आठवडा पुरतो.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही जरा स्वतःकडे पाहावे. डॉक्टरने नाडी पाहून 'काही झालेले नाही' असे सांगितले तर आपण त्याची फी देतो, उलट खूश होऊन देतो. मिस्त्रीने 'काही बिघडलेले नाही, चावी बंद ठेवा' असे सांगितले की आपण त्याला चहावर वाटेला लावतो. आम्ही ज्या फिटरला दोष देत होतो त्याने आमच्या घरी थर्मोस्टॅट का बदलला? आम्ही त्याला तपासणीचे पैसे देऊ केले नव्हते, म्हणून. हे कबूल करायला आम्हांस थोडा वेळ लागला.

आमच्या परिचयाच्या एका दुकानदाराने हा हिवाळा सुरू होताना काउंटरवर छापील कागदांची चळत ठेवली. गरम पाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यास तो एक कागद देतो. किती बादल्यांनंतर गार होते, की पहिल्यापासून कोमट येते? कधीपासून? पाणी बोअरचे की नळाचे? मिक्सर आहे का? थंडचा कॉक बंद केल्यावर गरम धार थांबते का? काहीजण कागद घेऊन जातात ते परत येत नाहीत. त्यांचे काम घरच्या घरीच झाले असावे, किंवा ते दुसऱ्या दुकानात गेले असावेत. काहीजण फिटर मागायला येतात. जे कागद भरून 'सहा माणसे, दोन बादल्या, गिझर सुरुवातीपासूनच पुरत नाही' असे लिहून आणतात त्यांना तो पंचवीस लिटरचा गिझर विकतो. त्यांपैकी एकही गिझर अजून परत आलेला नाही, असे त्याने परवा आम्हांस सांगितले.